दोन अधिक चार, तीन अधिक तीन

निकालांचा हंगाम आला की आपल्या बेळगावात घराघरांतून एकच विषय चालू असतो. पी. यू. सी.ला किती टक्के पडले, सी. ई. टी.त कितवा क्रमांक लागला, कॉलेज कोणते, शाखा कोणती. पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी येऊन चौकशी करून जातात. परंतु याच दिवसांत काही घरांत एक निराळीच गोष्ट घडत असते आणि तिची वाच्यता सहसा कुणी करीत नाही. त्या घरातील मूल पी. यू. सी. केव्हाच उत्तीर्ण झालेले असते. सायन्स कॉलेजात त्याने वर्ष-दोन वर्षे काढलेलीही असतात. आणि एके रात्री जेवता जेवता ते म्हणते, ‘मला हे पुढे करायचे नाही, मला इंजिनिअरिंगला जायचे आहे.’ मग पानावरचे बोलणे थांबते आणि पुढे कित्येक दिवस घरात सगळे एकमेकांशी जपून बोलू लागतात.

अशाच एका घरातून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. नावगाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. मुलगा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळा झाला आहे. पदार्थविज्ञान, गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स हे त्याचे विषय असून गुण चांगले आहेत. पी. यू. सी.नंतर सी. ई. टी.त क्रमांक मागे पडला, मनाजोगती शाखा मिळेना, म्हणून तो बी. एस्सी.कडे वळला. आता त्याला पुन्हा त्याच वाटेने जावयाचे आहे. वडील एका पतसंस्थेत नोकरीस आहेत, निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,’ एवढेच ते म्हणतात आणि वर्तमानपत्र उघडतात. धाकटी बहीण यंदा पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या शिक्षणासाठी थोडी पुंजी बाजूला ठेवलेली आहे. पत्राच्या अखेरीस या भगिनी विचारतात, ‘दोन वर्षे वाया घालवून त्याने नव्याने सुरुवात करावी, अशी परवानगी आम्ही द्यावी काय?’

या प्रश्नातील ‘वाया’ हा शब्द मला प्रथम थोडा बाजूला काढून पाहावासा वाटतो.

ज्यांचे वय आज पंच्याऐंशीच्या घरात आहे अशा कुणा इंजिनिअरला आपण विचारून पाहावे. मॅट्रिक झाल्यावर तो प्रथम आर्ट्स-सायन्स कॉलेजातच गेलेला असतो. फर्स्ट इयर सायन्स, मग इंटर सायन्स, अशी दोन वर्षे. इंटरच्या गुणांवर पुढे पुणे, सांगली किंवा हुबळी. सांगलीचे आणि हुबळीचे अशी दोन्ही अभियांत्रिकी महाविद्यालये १९४७ सालची. आपल्या गावात गोगटे इन्स्टिट्यूट निघाले ते १९७९ मध्ये. म्हणजे त्या पिढीचा प्रत्येक इंजिनिअर हा कॉलेजच्या अर्ध्या वाटेवरून वळलेलाच होता, आणि त्याला कुणी धरसोड करणारा म्हटले नाही. त्या काळी वळणाची जागाच तिथे होती. दोन वर्षे प्रयोगशाळेत हात भाजून घेतल्यावर, अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात, आपल्याला पुढे काय करायचे हे ठरवण्याची मुभा होती.

पुढे दहावी-बारावीची रचना आली, प्रवेशपरीक्षा आल्या आणि ते वळण मागे मागे सरकत गेले. आज दहावीच्या निकालाबरोबर, पंधराव्या वर्षी, मुलाने विज्ञान घेऊन क्लासची फी भरावी लागते आणि सतराव्या वर्षी एका क्रमांकावर सारे ठरते. ज्याला एकोणिसाव्या वर्षी समज आली त्याला आपण ‘उशीर झाला’ म्हणतो. वस्तुतः त्याला उशीर झालेला नसतो. दार लवकर बंद झालेले असते.

याहून जुने उदाहरण तर आपल्या वेशीवरच उभे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि बेळगावात मुख्य ठाणे असलेल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला ज्या विश्वेश्वरय्यांचे नाव आहे, ते आधी बी. ए. झाले होते. १८८१ मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून त्यांनी ती पदवी घेतली, म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन पुढल्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेली त्यांची स्वयंचलित दारे सर्वश्रुत आहेत. त्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर छापलेले नाव अशा रीतीने एका पदवीनंतर दुसऱ्या विद्येकडे वळलेल्या माणसाचे आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर तर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८५ मध्ये ते चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. काही काळाने असे आढळले की त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठा अडथळा कोणता! त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यंत्रांचे आरेखन शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. त्यानंतर बेळगावातील सायकलींचा व्यवसाय, कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी, हा इतिहास या मासिकाच्या वाचकांना मी नव्याने सांगावा असा नाही. मला त्यातील एवढाच भाग येथे हवा आहे की कलाशाळेत घालवलेली चित्रकलेची वर्षे पुसली गेली नाहीत. ज्या हाताने पुढे नांगराचे आरेखन केले तो हात तेथेच तयार झाला होता. तुमच्या मुलाचे दोन वर्षांचे गणित आणि इलेक्ट्रॉनिक्सही, भगिनी, असेच त्याच्याबरोबर जाणार आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात जे गणित इतर मुलांना घाम फोडते ते त्याला परिचित वाटेल.

मात्र थोरांची नावे घेऊन प्रत्येक चंचल मनाचे समर्थन करता येत नाही. लक्ष्मणरावांजवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, हेही त्यांचा दाखला देणाऱ्याने विसरू नये. त्यांना यंत्र हवे होते. आजच्या पुष्कळ मुलांना पदवी हवी असते, आणि या दोन इच्छा एकच आहेत असे समजून आपण फसतो.

तेव्हा पहिली चौकशी करायची ती याचीच. मुलगा कशाकडे निघाला आहे, की कशापासून निघाला आहे? माझ्या पाहण्यात असे वळू पाहणारे विद्यार्थी बरेच आले. काहींचे सोबती इंजिनिअरिंगला गेलेले असतात, त्यांच्या नोकऱ्यांच्या वार्ता कानी येतात आणि बी. एस्सी.च्या वर्गात बसणे अपमानाचे वाटू लागते. काहींना फक्त संगणकावरची नोकरी हवी असते. तसे असेल तर बी. एस्सी. पुरी करून दोन वर्षांचे एम. सी. ए. करणे हा जवळचा रस्ता आहे. त्यासाठी स्थापत्याच्या किंवा यंत्राच्या पुस्तकांना हात लावण्याचे कारण नाही. आणि काही थोडे असे असतात की ज्यांना नियम समजल्यावर समाधान होत नाही. त्या नियमाने काहीतरी चालले, फिरले, उभे राहिले तरच त्यांना बरे वाटते. विज्ञान विचारते, हे असे का होते? अभियांत्रिकी विचारते, हे किती भार सोसेल, किती दिवस टिकेल आणि त्याला खर्च किती? पहिल्या प्रश्नात रमलेल्या मुलाला दुसरा प्रश्न रुक्ष वाटू शकतो. बी. एस्सी.त मन लागत नाही एवढ्यावरून इंजिनिअरिंगमध्ये लागेल असे सिद्ध होत नाही.

ही परीक्षा घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, लेथ चालवणारे कारखाने आहेत. ओळखीपाळखीने सुटीचा एक महिना मुलाला तेथे पाठवावे. पगाराची अपेक्षा धरू नये. साच्यात वितळलेले बीड ओतताना उडणाऱ्या ठिणग्या, कपड्यांना बसणारी तेलाची वास, मायक्रोमीटरने मोजल्यावर केसाएवढ्या फरकासाठी टाकून दिलेला नग, हे सारे पाहून तो संध्याकाळी घरी प्रश्न घेऊन येतो की कंटाळा घेऊन, हे आईला ताबडतोब कळते. ज्याला इलेक्ट्रॉनिक्सची ओढ आहे त्याने मोटारींचे किंवा यंत्रांचे नियंत्रण-फलक जोडणाऱ्या एखाद्या दुकानी बसावे. जो केवळ सोबत्यांच्या वार्तांनी भारावला आहे तो आठ दिवसांत परत येईल. एवढे झाले तरी पुढची चार वर्षे वाचली.

आता हिशेब. अशा प्रसंगी घरातील माणसे भावनेने बोलतात, बोटे मोजीत नाहीत. तुमचा मुलगा आज बी. एस्सी. सोडून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला तर झालेली दोन आणि पुढची चार, अशी पी. यू. सी.नंतरची सहा वर्षे. त्याने बी. एस्सी. पुरी केली आणि नंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला तर तीन अधिक तीन, पुन्हा सहाच. दोन्ही वाटांनी तो एकाच वर्षी इंजिनिअर होतो. फरक एवढाच की दुसऱ्या वाटेने गेला तर त्याच्या हाती एक पदवी अगोदरच असते. हे गणित पहिल्या वर्षाच्या मुलाला लागू नाही. तो आज निघाला तर एक अधिक चार, म्हणजे पाच वर्षांत मोकळा होतो, आणि त्याची खात्री पटली असेल तर त्याने थांबण्यात अर्थ नाही. दुसरे वर्ष संपवलेल्याने मात्र घाईने दाखला काढण्यापूर्वी ही बेरीज कागदावर मांडावी. (कर्नाटकात २०२१ मध्ये आलेली चार वर्षांच्या पदवीची योजना २०२४ मध्ये मागे घेण्यात आली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली, म्हणून ही बेरीज जमते.)

थेट दुसऱ्या वर्षाची ही वाट पुष्कळांना ठाऊकच नसते. पदविका झालेल्यांसाठी ती आहे हे सर्वांस माहीत असते. परंतु अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांत, बारावीला गणित घेतलेल्या आणि किमान ४५ टक्के गुणांनी बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यालाही ती मोकळी आहे. राखीव वर्गांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. पहिल्या वर्षाचे जे विषय बी. एस्सी.त शिकवलेले नसतात, विशेषतः अभियांत्रिकी आरेखन आणि यंत्रस्थिति-गतिशास्त्र, ते अशा विद्यार्थ्यांना मागाहून भरून काढावे लागतात. आणि हे दार अरुंद आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जागा थोड्या असतात, त्यांवर पदविकाधारकांचा मोठा ओघ असतो आणि हव्या त्या शाखेत, हव्या त्या कॉलेजात जागा मिळेल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. परिषदेने मुभा दिली तरी प्रत्यक्ष प्रवेश राज्याच्या प्रक्रियेने आणि विद्यापीठाच्या नियमांनी होतो. म्हणून वडिलांनी एक दिवस रजा काढून मुलासह विद्यापीठाच्या कचेरीत जावे आणि यंदाचे नियम स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. शेजाऱ्याच्या भाच्याने काय सांगितले यावर विसंबू नये.

पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची तर प्रवेशपरीक्षा पुन्हा आली. राज्याच्या सी. ई. टी.ला पुन्हा बसता येते. परंतु इंजिनिअरिंगचा क्रमांक लावताना पी. यू. सी.च्या गुणांचा भार निम्मा असतो, ही गोष्ट अशा मुलांच्या ध्यानात राहत नाही. जुने गुण सावलीसारखे मागे येतात. ते बेताचे असतील तर सी. ई. टी.ची तयारी पहिल्यापेक्षा दुपटीने करावी लागेल. जे. ई. ई. मेनला बारावीचे वर्ष धरून लागोपाठ तीन वर्षेच बसता येते आणि आय. आय. टी.च्या ॲडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठ दोनच वर्षे, म्हणजे बी. एस्सी.ची दोन वर्षे पुरी केलेल्याला हे शेवटचे दार बंद झालेले असते. त्या स्वप्नाच्या नावाने कुठल्या क्लासची जाहिरात पैसे मागत असेल तर तिकडे पाहू नये.

आपल्या भागातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील, मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवलेला आहे. त्यासाठी महाराष्ट्राची सी. ई. टी. द्यावी लागते, येथून दहावी किंवा बारावी झाल्याचा पुरावा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. सांगली-कोल्हापूर-पुण्याकडे पाहणाऱ्यांनी ही बाब ध्यानी घ्यावी. दाखले हाती नसल्यामुळे प्रवेशाच्या दिवशी धावाधाव करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्याचप्रमाणे नव्या प्रवेशाचे पत्र हाती पडेपर्यंत जुन्या कॉलेजातील नाव काढू नये. दोन्ही दगरींवरचा पाय सुटला म्हणजे वर्ष खरोखरीच वाया जाते.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि पत्र वाचताना माझे मन सर्वांत अधिक तेथे अडखळले. डॉ. अब्दुल कलाम यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९५४ मध्ये तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले आणि मग मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानविद्येकडे वळले. प्रवेशाला सुमारे हजार रुपये लागत होते आणि त्यांची बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवून ते उभे केले. ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कौतुक करावे असेच ते औदार्य आहे. परंतु त्या भगिनीने ते आपण होऊन दिले होते. तुमच्या घरात धाकटीला कुणी विचारले आहे काय? तिच्या नावाने बाजूला ठेवलेली रक्कम भावाच्या दुसऱ्या सुरुवातीसाठी वळवावी, अशी कुजबूज घरात चालू असल्याचे तुमच्या पत्रावरून मला जाणवले. तसे करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. मुलाला एक संधी मिळून गेली आहे, मुलीची पहिलीच अजून यावयाची आहे. तिचीही सी. ई. टी. याच वर्षी आहे आणि तिच्या परीक्षेच्या तोंडावर घरात भावाच्या भवितव्याचा घोळ चालू आहे, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे.

मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या हमी योजनेमुळे तारण द्यावे लागत नाही. व्याज मात्र द्यावे लागते आणि अभ्यासक्रम संपल्यावर फेडीचे हप्ते सुरू होतात. वडिलांच्या निवृत्तीनंतर ते मुलानेच फेडावयाचे आहेत, हे त्याला आजच सांगावे. ज्याचा निश्चय खरा आहे तो हे ऐकून मागे सरत नाही. उलट पैसा आपल्या नावावर आहे हे कळल्याने अभ्यासाला एक प्रकारचे गांभीर्य येते. शिवाय बी. एस्सी.चे तिसरे वर्ष पुरे करायचे ठरले तर त्या वर्षात शिकवण्या करून थोडी रक्कम साठवता येते. पदार्थविज्ञान आणि गणित चांगले असलेल्या मुलाला आपल्या गावात शिकवण्यांची वाण नाही.

यजमानांविषयी दोन शब्द. ते वर्तमानपत्र उघडतात ते रागाने, असे तुम्ही लिहिता. मला तसे वाटत नाही. निवृत्तीला तीन वर्षे उरलेला माणूस सहा वर्षांची बेरीज ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पगार बंद झाल्यानंतरचा काळ उभा राहतो. ते बोलून दाखवणे त्यांना अवघड जाते. वर मांडलेला हिशेब त्यांच्यापुढे ठेवताना ‘त्याला काय वाटते’ यापेक्षा ‘कोणत्या वर्षी किती लागतील आणि ते कोठून येतील’ असा कागद ठेवावा. पतसंस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाला आकड्यांची भाषा आपली वाटते. माझा स्वतःचा कल विचाराल तर या मुलाने तिसरे वर्ष पुरे करावे, त्या वर्षात उद्यमबागेतील महिना काढावा, आरेखनाची फळी विकत आणून रविवारी रेषा ओढाव्यात आणि मग दुसऱ्या वर्षाच्या दाराशी जाऊन उभे राहावे. ते दार उघडले नाही तरी एम. एस्सी. करून गेट परीक्षेमार्गे काही शाखांतील एम. टेक.ला जाता येते. परंतु हा कल मी केवळ तुमच्या पत्रावरून बांधलेला आहे. चार पानी पत्रात आजीचे मत आहे, मामांचे आहे, शेजारच्या प्राध्यापकांचेही आहे. ज्याच्याविषयी हे सारे लिहिले त्याचे मात्र एक वाक्य आहे, तेही तुमच्या शब्दांत. कोणती शाखा त्याला हवी आहे याचा उल्लेखही नाही. पुढील अंकापूर्वी लिहाल तेव्हा निदान अर्धे पान त्याच्या हातचे असावे, आणि त्यात त्याने आजवर स्वतः उघडून पाहिलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या एखाद्या वस्तूविषयी लिहावे. बिघडलेला मिक्सर असला तरी चालेल.